टर्बो गाडी मॉडिफाय करायची आहे, पण इंजिन वाचवून. सुरुवात कुठून करू?

चौथा_गिअर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १.५ लिटरची चार सिलिंडर टर्बो पेट्रोल गाडी आहे, डायरेक्ट इंजेक्शनची. वॉरंटी संपली आहे, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालंय, तक्रार काही नाही. फक्त अजून थोडा दम हवाय. शर्यती लावायच्या नाहीत. रोजचं चालवणं, कधी चढणीचे रस्ते, कधी लांबचा प्रवास, एवढंच.

वाचायला लागलो आणि गोंधळलो. एक जण म्हणतो बिनधास्त ट्यून करा (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदला), दुसरा तुटलेल्या पिस्टनचे फोटो दाखवतो. मला जाणून घ्यायचंय ते हे: मॉडिफाय केलेलं टर्बो इंजिन नेमकं कशाने जातं? आणि ते टाळायचं तर कामांचा क्रम काय असावा? फिल्टर, डाउनपाइप (टर्बोनंतरची एक्झॉस्टची नळी), इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) ही यादी सगळीकडे मिळते. मला त्यामागची कारणं हवी आहेत.

निवांत

स्टेज वन, म्हणजे बाकी भाग तेच ठेवून नुसतं सॉफ्टवेअर ट्यून करा आणि विसरून जा. माझी गाडी कित्येक वर्षं ट्यूनवर पळतेय, तेल वेळेवर बदलतो, बाकी हात लावलेला नाही. इंटरनेटवर फुटलेल्या इंजिनांचेच फोटो येतात हो, धडधाकट इंजिनाचा फोटो कोण टाकतं?

हेडखोल्या

@निवांत, तुमचं इंजिन ठणठणीत आहे याचा आनंदच आहे. पण इंजिनं खोलणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे हातात काय येतं ते सांगतो.

ट्यून केलेल्या छोट्या टर्बो पेट्रोलचं हेड काढलं की वरून पुष्कळदा सगळं ठीक दिसतं. पिस्टनचा माथा काळा, बोअर शाबूत. पिस्टन बाहेर ओढला की कळतं. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली जी अरुंद पट्टी असते, रिंग लँड, तिचा अर्धगोल तुकडा मोडून खाचेत सैल फिरत असतो. त्याच सिलिंडरचा प्लग भिंगाखाली धरा. पांढऱ्या पोर्सेलीनवर अगदी बारीक करडे ठिपके दिसतील. ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. म्हणजे नॉक (सिलिंडरमधला अवेळी भडका) बराच काळ चालू होता आणि चालवणाऱ्याला तो ऐकूही आला नव्हता. गाडी आणणारा सांगतो की तेल खातेय आणि डिपस्टिकच्या नळीतून धूर येतोय, बस. आवाजाबद्दल कोणी बोलत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे वाकलेला रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. तिसरा, पहिल्या रिंगची दोन टोकं तापून फुगून एकमेकांना भिडलेली. तिथे टोकं घासून चकचकीत झालेली असतात, ती खूण चुकत नाही. बेअरिंग जाणं आणि टर्बोच बसणं हे दोन्ही तेलाशी निगडित, त्यावर नंतर लिहितो.

डायनोवाला

हेडखोल्या यांनी शेवट सांगितला, मी सुरुवात सांगतो. ट्यूनिंग माझं काम आहे.

ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. तिच्या पुढे जे मिश्रण अजून जळायचं आहे ते दाबलं जातं, तापतं, आणि ज्वाला पोचायच्या आधी आपोआप भडकलं की नॉक. ज्वाला आणि आपोआप भडका यांच्यात ही शर्यतच असते. बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) वाढवला, हवा गरम झाली, टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे घेतलं किंवा पेट्रोलचा ऑक्टेन (नॉक सोसायची क्षमता) कमी पडला की पारडं भडक्याच्या बाजूला झुकतं.

आता हवा किती तापते ते पाहा. बाहेर २५ अंश सेल्सियस आहे, टर्बो हवा दुप्पट दाबावर नेतोय आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरलं, तर बाहेर पडणारी हवा साधारण ११८ अंशांवर असते. दाब अडीचपट केला आणि कार्यक्षमता ६५ वर घसरली तर १६० अंशांच्या वर. छोट्या टर्बोला त्याच्या पल्ल्याबाहेर फिरवलं की नेमकं हेच होतं, गेजवर आकडा वाढतो आणि इंजिनात गरम हवा जाते. इंटरकूलर त्यातला बराच भाग उतरवतो, पण स्टॉक (कंपनीचा मूळ) इंटरकूलर एका ओढीत (पूर्ण पॅडलच्या धावेत) नीट काम करतो आणि लागोपाठच्या तिसऱ्या-चौथ्या ओढीत स्वतःच तापून बसतो.

म्हणून माझ्या क्रमात इंटरकूलर ट्यूनच्या आधी येतो. फिल्टर सगळ्यात शेवटी.

निवांत

पण नॉक सेन्सर असतोच की. टायमिंग मागे घेतो तो. मग काळजी कसली?

डायनोवाला

सेन्सर नॉक झाल्यावर ऐकतो, होण्याआधी नाही. ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंग मागे घेतो तोवर एक-दोन ठोके बसलेले असतात. गाडी स्टॉक असताना कंपनीने बरंच अंतर राखलेलं असतं: वाईट पेट्रोल, कडक उन्हाळा, भरलेली गाडी, जुनं झालेलं इंजिन, सगळं धरून. ट्यून म्हणजे त्या राखलेल्या अंतरातला काही भाग आपण खर्च करतो. किती शिल्लक ठेवायचा हाच ट्यूनरचा खरा निर्णय. टायमिंग काठावर नेऊन 'सेन्सर सांभाळेल' म्हणणारा ट्यूनर मला मान्य नाही.

शिवाय टायमिंग मागे गेलं की जळणं उशिरा संपतं, एक्झॉस्ट आणखी तापतो आणि तो ताप टर्बाइनवर जातो. पेट्रोलमध्ये टर्बाइनच्या तोंडाशी ९५० अंशांच्या आसपासचं तापमान सततच्या चालवण्यासाठी मी सीमा मानतो. एक्झॉस्टमधून फटाके वाजवणारे मॅप (ईसीयूमधले तक्ते) असतात ना, ते मुद्दाम टायमिंग मागे ठेवून बाहेर इंधन जाळतात. टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोघांच्या जिवावर. रोजच्या गाडीत तो प्रकार नकोच.

सावकाश_जा

फार छान चाललाय धागा. वाचनखूण साठवली.

ऋजुता

डायरेक्ट इंजेक्शन आणि छोटं इंजिन म्हटलंय म्हणून एक मुद्दा. लो स्पीड प्री-इग्निशन. हा नॉकपेक्षा वेगळा प्राणी आहे. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, मिनिटाला साधारण १५०० ते २५०० च्या दरम्यान, जास्त लोड असताना ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. तेलाचा आणि इंधनाचा मिसळलेला थेंब किंवा सुटलेली काजळी हे त्याचं एक मुख्य कारण मानतात. दाब इतका चढतो की एकाच झटक्यात रिंग लँड किंवा रॉड जाऊ शकतो, आणि टायमिंग मागे घेऊन उपयोग नाही, कारण ठिणगीचा संबंधच उरलेला नसतो.

तेलातली कॅल्शियमयुक्त डिटर्जंट्स याला हातभार लावतात, मॅग्नेशियमची लावत नाहीत, असं चाचण्यांत दिसलं. त्यावरून एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आणले. तेव्हा डब्यावर किमान एपीआय एसपी बघा, आणि गाडीच्या कंपनीची स्वतःची मान्यता असेल तर तीही.

चालवण्याची सवयही महत्त्वाची. पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांवर असताना पॅडल तळाला नेऊ नका. एक गिअर खाली या.

वळणवेडी

@ऋजुता, हे वाचून बरं वाटलं. आमच्या घरी 'वरच्या गिअरमध्ये हळू चालवणं म्हणजे इंजिनाला आराम' असं मानतात. टर्बोला ते लागू नाही तर!

ऋजुता

@वळणवेडी, सपाटीवर हलक्या पायाने वरचा गिअर उत्तमच. अडचण आहे ती वरचा गिअर, कमी फेरे आणि पूर्ण पॅडल एकत्र आल्यावर.

हेडखोल्या

वाकलेले रॉड मला बहुतेक अशाच गाड्यांत सापडतात. लोक 'किती हॉर्सपॉवर' विचारतात, पण रॉडला कळतो तो टॉर्क. हिशोब साधा आहे: न्यूटन मीटर गुणिले फेरे, भागिले ९५४९, म्हणजे किलोवॅट. ३०० न्यूटन मीटर २००० फेऱ्यांवर दिले तर ६३ किलोवॅट होतात, ५००० वर दिले तर १५७. रॉडवर दाबाचा भार दोन्हीकडे जवळपास सारखाच. २००० वर मात्र प्री-इग्निशनचा धोका वरून येतो, आणि एवढं सोसून हाती ६३ च येतात.

म्हणून ट्यूनरला सांगा, टॉर्क खालून हळूहळू चढू दे, ३००० च्या अलीकडे आखडता हात ठेव, ताकद वर दे. गाडी पहिल्या झटक्यात कमी थरारक वाटेल, पण रॉड वाचेल आणि क्लचही.

डायनोवाला

+१. हे मी रोज सांगतो आणि रोज कोणीतरी नाराज होतं.

डिझेलदादा

डिझेलवाल्यांनाही बसू द्या इथे. आमच्याकडे पेट्रोलसारखा नॉक नाही, मारतो तो ताप. डिझेल जास्त सोडलं आणि हवा तेवढी नसली की काळा धूर आणि चढणारं एक्झॉस्ट तापमान. लांब चढावर ओझं घेऊन जाताना ते मिनिटभर चढतच राहतं, आणि पिस्टनच्या खळग्याच्या कडेला भेगा पडतात किंवा कड वितळते.

आणि ती वायरीत जोडायची डबी! कॉमन रेलच्या (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीच्या) प्रेशर सेन्सरचा आकडा ती कमी करून ईसीयूला दाखवते. ईसीयूला वाटतं दाब कमी आहे, तो पंपाला वाढवायला सांगतो. खरा दाब किती झाला ते ईसीयूला कळतच नाही. सेन्सरला खोटं बोलायला लावून कमावलेली ताकद मला नको. मॅपच नीट बदलून घ्या.

डायनोवाला

पेट्रोलमध्येही हा प्रकार आहे, बूस्टच्या नळीत बसवायचा ब्लीड व्हॉल्व्ह, तो थोडा दाब सोडून खरा बूस्ट लपवतो. तसंच मॅप सेन्सरची मर्यादा बघा (हा इनटेकमधला दाब मोजतो, ट्यूनच्या मॅपशी संबंध नाही). तो २.५ बारपर्यंतच मोजणारा असेल तर त्याच्या वरचा बूस्ट ईसीयूला दिसणारच नाही. लक्षात घ्या, सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो: गेजवरचा १ बार म्हणजे समुद्रसपाटीवर सेन्सरला २ बार.

कुतूहल

अवांतर, पण विषयातलंच. टर्बोचार्जरच्या मूळ कल्पनेचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांचं, १९०५ सालचं. आणि नॉकशी झगडाही जुना आहे. १९६२ साली ओल्ड्समोबाईलने जेटफायर आणली, ३.५ लिटरचं व्ही-८, कॉम्प्रेशन रेशो १०.२५. टर्बोला हा रेशो फार होता, म्हणून पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण हवेत फवारायची टाकी दिली. टाकी रिकामी झाली तर बूस्ट आपोआप कमी करणारी यंत्रणाही होती. मालक टाकी भरायचे नाहीत, गाडी मंद वाटायची, आणि पुढे बऱ्याच गाड्यांचा टर्बो काढूनच टाकला गेला.

डायनोवाला

@कुतूहल, सुंदर उदाहरण! १९६२ मध्ये फेलसेफ होतं, आणि आजही मेथेनॉल किट बसवून फेलसेफची वायर तशीच लोंबकळत सोडणारे भेटतात. टाकी संपली, पंप बंद पडला किंवा जेट तुंबला की बूस्ट आणि टायमिंग खाली आलंच पाहिजे. ते जोडलेलं नसेल तर किट लावूच नये.

वळणवेडी

मी डोंगराळ भागात फार फिरते. उंचीवर हवा विरळ असते, मग टर्बो गाडीला फरक पडत नाही असं ऐकलंय. खरं का?

डायनोवाला

चालवणाऱ्याला कमी जाणवतो, टर्बोला मात्र जाणवतो. २००० मीटरवर हवेचा दाब साधारण ०.८ बार असतो. इंजिनाला २ बार निरपेक्ष द्यायचे तर समुद्रसपाटीवर दुप्पट दाबावं लागतं, तिथे अडीचपट. वर दिलेले ११८ आणि १६० अंशांचे आकडे पुन्हा बघा, हाच तो फरक. फेरेही वाढतात, आणि छोटे टर्बो आधीच मिनिटाला २ लाखांच्या वर फिरतात. कंपनीच्या मॅपमध्ये उंचीप्रमाणे बूस्ट कमी करायचे तक्ते असतात. ट्यूनरने ते पुसून टाकलेले नाहीत ना, हे आवर्जून विचारा.

हेडखोल्या

आता तेल, कबूल केल्याप्रमाणे.

टर्बोचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. सणसणीत चालवून लगेच बंद केली तर थांबलेलं तेल बेअरिंगपाशी भाजून कोळसा होतं आणि पुढे नळी तुंबते. मुक्कामाला पोचायच्या आधीची काही मिनिटं शांत चालवा. तेवढ्याने काम होतं, टर्बो टायमर लागत नाही. सकाळी उलटं: कूलंट आधी गरम होतं, तेलाला बराच जास्त वेळ लागतो. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तयार झालं असं नाही.

टर्बो बदलला असेल तर तेलाची नळी आणि तिच्या बँजो बोल्टमधली बारीक जाळी नवीच घाला. परतीची नळी उतारानेच खाली गेली पाहिजे, तिथे दाब नसतो, तेल आपल्या वजनाने उतरतं. जोडांना सिलिकॉन सीलंट फासू नका, त्याचा एक धागा सुटला की जातो थेट बेअरिंगमध्ये. आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी टर्बोत तेल ओतून, इंजेक्टर बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवा, तेलाचा दाब आला की मगच चालू करा. मागच्या महिन्यात एका कारखान्यातून बसवून आलेला नवा टर्बो आमच्याकडे आला, शाफ्ट निळा पडलेला. तेल पोचायच्या आधीच फिरवला होता.

निवांत

मी एक ग्रेड जाड तेल वापरतो. जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण, नाही का?

ऋजुता

@निवांत, थोडं हो, थोडं नाही. तापलेल्या तेलाचा थर टिकतो का, ते एचटीएचएस हा आकडा सांगतो. ३.५ किंवा वरचं तेल ट्यून केलेल्या इंजिनाला साधारणपणे दिलासा देतं, २.६ वालं इंधन वाचवण्यासाठी असतं. पण थंडीत जाड तेल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि काही इंजिनांचे तेल पंप, कॅम फेझर वगैरे ठरावीक तेलावरच नीट चालतात. मॅन्युअलमध्ये परवानगी असलेल्या ग्रेडपैकी जाड निवडा, त्याबाहेर जाऊ नका. आणि बदलण्याचं अंतर कमी करा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल तेलात उतरून ते पातळ होत राहतं, खरा शत्रू तो आहे.

निवांत

मान्य. हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी एचटीएचएस बघूनच घेतो.

बोल्टनट

कॅच कॅन (तेलाची वाफ अडवणारा डबा) लावा. बूस्टमध्ये क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ इनटेकमध्ये गेली की मिश्रणाचा ऑक्टेन घसरतो.

हेडखोल्या

@बोल्टनट, तत्त्व बरोबर, पण सरसकट नको. स्वस्तातल्या डब्यात आत जाळी नसते, वाफ एका तोंडातून येते, दुसऱ्यातून जाते. नळी अरुंद असेल तर क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि सील तेल सोडतात. वेळेवर रिकामा केला नाही, तर भरून वाहणारं तेल इंजिनातच ओढलं जातं. चांगला लावा आणि सांभाळा, नाहीतर स्टॉक पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसची वाफ सोडणारा) नवा घाला.

बोल्टनट

जाळीवालाच आहे माझा. पण नळीचा मुद्दा तपासतो.

प्रवासी_पक्षी

परदेशातली तयार ट्यून फाइल नेटवरून मिळते. चालेल?

डायनोवाला

नको. एक साधी फसगत सांगतो. काही देशांत पंपावरचा ऑक्टेन रॉनमध्ये लिहितात, काही ठिकाणी रॉन आणि मॉन या मोजण्याच्या दोन पद्धतींची सरासरी लिहितात. सरासरीवाल्या ठिकाणचं ९१ म्हणजे रॉनच्या मापात साधारण ९५. आकडा सारखा दिसला म्हणून फाइल टाकाल आणि तुमच्या टाकीत त्याहून हलकं पेट्रोल असेल.

इथेनॉलचंही तसंच. एक भाग नुसत्या पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९. मिश्रणात इथेनॉल वाढलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन सोडावं लागतं. म्हणून लॅम्ब्डामध्ये बोला (प्रत्यक्ष हवेचं लागणाऱ्या हवेशी प्रमाण, १ म्हणजे नेमकं), ते कोणत्याही इंधनाला लागू पडतं. पूर्ण बूस्टला पेट्रोलवर साधारण ०.८० ते ०.८५ ही रोजच्या गाडीसाठी समजूतदार जागा. आणि वाइडबँड सेन्सरनेच मोजा, नॅरोबँड १ च्या आजूबाजूलाच खरं सांगतो. इंधनाचा पंप पुरतो का तेही लॉगमध्ये (सेन्सरांच्या नोंदीत) बघा. पूर्ण पॅडलला रेल प्रेशर (इंजेक्टरांकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) मागणीपेक्षा खाली पडत असेल तर तिथेच थांबायचं, बूस्ट एक कणही वाढवायचा नाही.

सावकाश_जा

मूळ प्रश्न राहिला: क्रम.

डायनोवाला

खरंय. आधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट, सिलिंडर दाब धरतात का ते बघायला. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पडलेला असेल तर विषय तिथेच संपला. मग बूस्ट लीक टेस्ट, नवे प्लग (ताकद खूप वाढवणार असाल तर एक पायरी थंड, आणि गॅप ट्यूनर सांगेल तितकी कमी), ताजं तेल. त्यानंतर स्टॉक मॅपवरच लॉग काढा: बूस्ट, वेस्टगेट ड्यूटी (बूस्ट आवरणारी झडप बंद ठेवायला ईसीयू किती जोर लावतो ते), इनटेक तापमान, लॅम्ब्डा, रेल प्रेशर, आणि सिलिंडरनिहाय टायमिंग किती मागे गेलं ते. स्टॉकमध्येच खोट असेल तर ट्यून ती मोठी करून दाखवतं. मग इंटरकूलर, मग ट्यून. डाउनपाइप मोकळी केली तर स्टॉक वेस्टगेटला बूस्ट आवरत नाही असं पुष्कळदा होतं, त्यामुळे ती ट्यूनशिवाय कधीच नाही. प्रदूषणाचे नियम आणि विमा आपापल्या ठिकाणी आधी बघून घ्या.

चौथा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं आलं. आज स्टॉक लॉग काढला. तिसरा गिअर, २००० पासून ६००० पर्यंत एक सलग ओढ, मोकळ्या रस्त्यावर, शेजारी मित्र लॅपटॉप घेऊन. लॅम्ब्डा आणि रेल प्रेशर मागणीबरोबर आहेत. बूस्टही मागणीइतका मिळतो, पण वेस्टगेट ड्यूटी ३५०० च्या पुढे ९० टक्क्यांवर जाऊन बसते. इनटेक तापमान ओढीच्या शेवटी १९ अंशांनी चढलं. तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग दोनदा ३ अंश मागे गेलं. हे नॉर्मल आहे का?

डायनोवाला

९० टक्के स्टॉक मॅपवर? जास्त आहे. टर्बो हवी तेवढी हवा देण्यासाठी जास्त फिरतोय, म्हणजे वाटेत कुठेतरी हवा निसटतेय. तीच जास्तीची उष्णता इनटेकमध्ये दिसत असेल आणि तिसरा सिलिंडर त्यावरच कुरकुरत असेल. धूर सोडून लीक टेस्ट करा. टर्बो ते इंटरकूलर हा खालचा जोड पहिल्यांदा बघा.

हेडखोल्या

धुराआधी नुसतं खाली वाकून टॉर्च मारा. जोडाखाली तेलकट ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तिथेच आहे.

चौथा_गिअर

सापडलं! खालच्या जोडावरची क्लिप तिरकी बसली होती. खाली अगदी तुम्ही म्हणालात तशी काळी ओल, आणि रबरी होजच्या कडेला नखभर चीर. धूर सोडला तर तिथूनच बाहेर. नवी होज आणि क्लिप मागवली आहे. ट्यूनरची ठरलेली वेळ पुढे ढकलली.

डायनोवाला

उत्तम. बसवल्यावर तोच गिअर, तोच रस्ता, साधारण तेवढंच बाहेरचं तापमान असताना परत लॉग काढा आणि इथे टाका. ड्यूटी खाली यायला हवी. तिसरा सिलिंडर तरीही मागे जात राहिला तर कॉइल आणि प्लगची अदलाबदल करून बघू, तक्रार त्यांच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरला जाते का ते.